शेवटच्या आधीचा ग्लास

१

गुरुवार ते रविवार, दुपारी साडेतीनला, सांता मारिया ला रिबेरा वस्तीच्या बागेतल्या लोखंडी मंडपापाशी कासिल्दा आपली माणसं गोळा करायची. सात पाहुणे, फार तर आठ. त्यांना घेऊन वस्तीतल्या चार ठिकाणी जायचं, तिथल्या छोट्या भट्ट्यांतली बिअर चाखवायची, सोबत येईल तो चखणा खाऊ घालायचा आणि मधल्या वाटेत बोलत राहायचं, हा तिचा अकरा वर्षांचा धंदा. ताईचे पाय दुखतात पण तोंड कधी दुखत नाही, असं तिचा भाऊ म्हणायचा.

हा भाऊ, अमादोर, रांगेच्या टोकाला चालायचा. रस्ता ओलांडला की कासिल्दा थांबायची, पण मागे वळून बघायची नाही. पुढच्याने मान वळवली की मधले पाहुणे बावचळतात आणि भर रस्त्यात फोटो काढत उभे राहतात, हे ती अनुभवाने शिकली होती. सगळे अलीकडे आले की अमादोर मागून हाळी द्यायचा, "पूर्ण!" मग ती पुढे निघायची. एवढ्या वर्षांत त्या एका शब्दाची तिने कधी खातरजमा केली नव्हती.

त्या रविवारी सात पाहुणे होते. मोंतेरेचं पाच जणांचं एक कुटुंब, आणि चिलेहून आलेल्या इव्होनबाई नावाच्या निवृत्त डॉक्टर, सोबत त्यांचे यजमान. अमादोर सोमवारी पहाटे एर्मोसीयोला निघायचा होता. तिथल्या एका भट्टीत त्याला मुख्य कारागिराची जागा मिळाली होती. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि कासिल्दा चोवीसची; बाप त्याआधीच गेलेला. पुढचं सगळं तिनेच केलं. त्याचं भलं झालं म्हणून ती खूश होती आणि तो जाणार हे तिला सोसवत नव्हतं. यातलं काहीच दिसू नये म्हणून ती सकाळपासून त्याच्यावर खेकसत होती.

पहिला थांबा माकारिओकाकांचा. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण नळाखाली ग्लास तिरका धरावा तर त्यांनीच.

"आज माझी शेवटची फेरी, काका," अमादोर दारातूनच म्हणाला. "शेवटचा ग्लास तुमच्या हातचा."

काकांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "शेवटच्या आधीचा म्हण."

"एकच की ते."

"एकच नाही. तुझ्या बापाला सांगून सांगून जीभ झिजली माझी. शेवटच्या आधीचा म्हणायचं."

वस्तीत शेवटचा ग्लास कुणी मागत नाही. घरी जायला उठता उठता जो घेतात, तोही शेवटच्या आधीचाच असतो. शेवटचा ज्याचा त्याला एकदाच मिळतो आणि तो मागावा लागत नाही, असं जुनी माणसं सांगत. कासिल्दाही पूर्वी तसंच म्हणायची. पण 'आता शेवटच्या आधीचा थांबा' म्हटलं की पाहुणे विचारायचे, मग शेवटचा कुठे? आणि पाचवं ठिकाण दाखवलं नाही म्हणून घरी जाऊन तक्रार लिहायचे. तेव्हा तिनेच अमादोरला शिकवलं होतं की सरळ शेवटचा म्हणत जा, कटकट नको.

इव्होनबाईंना हे सगळं फार आवडलं. "मग आज तुम्ही काय म्हणणार?" त्यांनी अमादोरला विचारलं.

पाहुणे बघतायत म्हटल्यावर अमादोरला चेव यायचा. त्याने हातातली पाण्याची बाटली उंच केली. "शेवटचा," तो म्हणाला. "शेवटचा, काका. अजून एकदा म्हणू? शेवटचा."

सगळे हसले. कासिल्दाही हसली, हे तिला नंतर आठवत राहिलं.

काकांनी तबक आणून ठेवलं. अंबाडीच्या लाल फुलांची आंबट बिअर होती, बाजूला लसूण-मिरचीत परतलेले शेंगदाणे. सात पाहुण्यांचे सात, आणि तिचा नि भावाचा धरून नऊ ग्लास यायचे. ते नेहमीचंच ठरलेलं होतं. त्या दिवशी आठ आले.

"म्हातारा रागावला माझ्यावर," अमादोर तिच्या कानाशी लागला.

काका मात्र गोंधळून तबकाकडे बघत होते. "नऊ भरले होते मी," ते म्हणाले, आणि दुसरा भरायला वळले, तर पिंपातून नुसता फेस आला.

२

ओब्दुलियाची जागा दोन गल्ल्या पलीकडे. पुढे तवा, मागे तिच्या नवऱ्याची भट्टी. तव्यावर ती मक्याच्या पिठाच्या लांबट भाकऱ्या करायची, पोटात वाटलेला घेवडा भरून, वर निवडुंगाच्या फोडी. सोबत गव्हाची बिअर मातीच्या पेल्यांतून.

हे पेले ती एका फळीवर मांडून आणायची. कासिल्दाच्याच सांगण्यावरून सुताराने त्या फळीला नऊ खाचा पाडून दिल्या होत्या, म्हणजे मोजायचा प्रश्नच नाही. ओब्दुलियाने फळी टेबलावर ठेवली. आठ खाचांत पेले होते. नववीत काही नव्हतं.

"ओब्दुलिया, एक राहिला गं."

"कसला राहिला? हाताने ठेवलाय मी." ती कमरेच्या फडक्याला हात पुसत पुढे आली आणि रिकाम्या खाचेवर वाकली.

कासिल्दाने रिकाम्या खाचेत बोट घातलं. लाकूड ओलं होतं, गार होतं. पेल्याच्या बुडाचं गोल वर्तुळ त्यावर ताजं उमटलेलं होतं. तिने बोट नाकाशी नेलं. गव्हाचाच वास.

आता अशा वेळी माणूस डोक्याने विचार करतोच. कुणीतरी वाटेत उचलला असेल. मोंतेरेवाल्यांचे थोरले चिरंजीव पहिल्या थांब्यापासूनच दोघांचं एकट्याने पिण्याच्या बेतात दिसत होते. काका म्हातारे, ओब्दुलिया घाईची. दोन चुका एका दिवशी होऊ शकतात. तिने ते सगळं मनाशी नीट लावून घेतलं, आणि तरीही तिचे डोळे अमादोरवरच गेले. तो टोकाला उभा राहून इव्होनबाईंच्या यजमानांना निवडुंग कसा सोलतात ते दाखवत होता. चखण्याच्या ताटल्याही आठच होत्या. त्याच्यापुढे ताटली नव्हती आणि त्याच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं.

"कुणाचा गेला?" ओब्दुलियाने हळूच विचारलं.

"अमादोरचा."

"शोध मग. भरलेला पेला असा राहू देऊ नये. ज्याच्या नावाचा त्याने प्यावा, नाहीतर त्याच्या घरच्याने तरी संपवावा. माझी सासू तर बाळंतिणीच्या वाट्याचासुद्धा पिऊन टाकायची."

"तुझ्या सासूला निमित्तच लागायचं," कासिल्दा म्हणाली. दोघी हसल्या, पण ओब्दुलियाने फळी उचलली ती अंगापासून लांब धरून.

३

तिसऱ्या ठिकाणी कासिल्दा पाहुण्यांना बसवून स्वतः आत गेली. हे सेवेरोचं दुकान. सेवेरो टकला, अबोल आणि कामाला चोख.

"तू भर, मी बघते," ती म्हणाली.

"का? विश्वास उडाला?"

"भर रे बाबा."

त्याने कोकोची काळी बिअर भरायला घेतली. ती प्रत्येक ग्लासाशी ओठ हलवत होती. सात. आठ. नऊ. नववा भरला तेव्हा तिने तो तबकाच्या कडेला, आपल्या अंगठ्याजवळ ठेवून घेतला. तबक तिने स्वतः उचललं. आतल्या खोलीपासून बाहेरच्या बाकापर्यंत दहा पावलं. तिने त्या दहा पावलांत एकदाही नजर काढली नाही, निदान तिला तसं वाटलं. रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी चालली होती. तिच्या भोंग्यातून, शहरभर वाजणाऱ्या त्याच ध्वनिफितीवरच्या पोरीचा चिरका आवाज गाद्या, फ्रिज, जुन्या शेगड्या मागत होता. तो आवाज मधेच, अर्ध्या शब्दावर, बंद पडला. एवढंच झालं. कासिल्दाने वर बघितलंसुद्धा नाही.

ती वाटत गेली. एक, दोन, तीन. सातवा इव्होनबाईंना दिला. आठवा हातात राहिला. अंगठ्याजवळ नुसतं ओलं वर्तुळ होतं.

तबक खाली ठेवताना वाजलं आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

"ताई, ऊन लागलं काय तुला?" अमादोरने विचारलं.

"हा घे. माझा घे."

"मला कशाला? तुझा तू पी."

"घे म्हणते ना," ती ओरडली. पाहुण्यांसमोर ती कधी ओरडत नसे.

त्याने घेतला, एक घोट प्यायला, भुवया उंचावल्या. मग दुसरा घोट घेऊन तोंडात घोळवला. कारागीर माणूस, बिअरमधलं मीठ-पाणीही ओळखायचा. "गंमतच आहे," तो म्हणाला. "काही लागत नाही. पाणीसुद्धा असं लागत नाही."

इव्होनबाईंनी आपला ग्लास हुंगला. "माझी तर उत्तम आहे."

"सर्दी झाली असेल," अमादोर म्हणाला.

"असेल," कासिल्दा म्हणाली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. लहानपणी ताप बघायची तसा. कपाळ ना गरम होतं ना गार. हात लावल्यासारखंच वाटत नव्हतं.

तिला इतकी भीती वाटली की क्षणभर फेरी तिथेच मोडून सगळ्यांना घरी धाडावं असं तिच्या मनात आलं. पण सांगणार काय? ग्लास हरवतायत? रेबेकाचं चौथं दुकान पाच मिनिटांवर होतं. तिथे बसू, त्याला गरम कढण पाजू, मग घरी नेऊ, असं तिने ठरवलं. नेहमीच्या कामाला माणूस नेहमीच्या वाटेनेच निघतो.

४

सूर्य कलला होता आणि नारान्हो रस्त्यावरची झाडं एका बाजूने पिवळी दिसत होती. कासिल्दा पुढे चालत होती आणि बोलत होती. कुठल्या घरात कोण राहायचं, कुठल्या खिडकीतून कुणी कुणाला दोरीने टोपली सोडायचं. तोंड आपलं काम करत होतं. कान मागे होते.

कोपरा आला. तिने रस्ता ओलांडला आणि उभी राहिली. मागून पावलं आली, मोंतेरेवाल्यांचं हसणं आलं, इव्होनबाईंच्या काठीची टकटक आली. मग सगळं थांबलं.

ती हाळीची वाट बघत राहिली. समोर एका बाल्कनीत बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने पाच चिमटे काढले, सहा काढले. हाळी आली नाही.

कासिल्दाने मान वळवली.

सातही पाहुणे तिच्याजवळ उभे होते. अमादोर नव्हता.

"तो मागे गेला," इव्होनबाई म्हणाल्या. "म्हणाला, आपल्यातलं कुणीतरी आत शिरलं."

"कोण?"

त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "तेच तर. आम्ही सगळे इथेच आहोत."

"कुठे शिरलं?"

बाईंनी काठीने दाखवलं. पलीकडच्या कोपऱ्यावर एक जुनी कान्तीना, म्हणजे दारूचा गुत्ता, होती, कासिल्दाच्या बापाची रोजची बसायची जागा. वीस वर्षांपासून तिचं लोखंडी दार खाली ओढलेलं होतं आणि त्यावर पोरांनी रंग फासले होते. आता ते कमरेएवढं वर गेलेलं होतं. त्याच्या आत लाकडाची दोन झुलती फळकुटं हलत होती, एक दुसऱ्याच्या थोडं मागून.

पाहुण्यांना रस्त्यात सोडून कासिल्दा धावली. वाकून आत शिरली.

लहानपणी ती इथे दारापर्यंतच यायची. बायकापोरींना आत मज्जाव, म्हणून बाहेरून बापाला हाक मारायची. आत काय असेल ते तिने मनाने रचलेलं होतं आणि आता समोर होतं ते तसंच्या तसं होतं, याचीच तिला धडकी भरली. फरशीवर लाकडाचा भुसा होता. लिंबाच्या सालीचा वास होता. लांब काउंटरच्या मागे भिंतभर आरसा होता. त्याच्यापुढे कुणीतरी पाठमोरं उभं राहून ग्लास पुसत होतं. फडकं काचेवर फिरताना बारीक चिवचिव होत होती. पुसायचा, थांबायचा, पुन्हा पुसायचा.

भिंतीकडेला एक टेबल मांडलेलं होतं. त्यावर काकांचा जाड काठाचा ग्लास होता, लाल. ओब्दुलियाचा मातीचा पेला होता. सेवेरोची काळी होती. तिन्हींवर फेस उभा होता. तीन ताटल्यांत तीन चखणे, आणि ओब्दुलियाच्या भाकरीतून वाफ निघत होती. समोर एकच खुर्ची, ओढून ठेवलेली. अमादोर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"ताई, मला वाटलं आपलं कुणीतरी आत आलं," तो म्हणाला. आवाज झोपेतल्यासारखा. "म्हणून बघायला आलो. बघ ना, हे म्हणतायत बस."

"कोण म्हणतंय?"

त्याने खुर्ची आणखी थोडी ओढली. तिचे पाय फरशीवर खरखरले.

तिचं डोकं मात्र अगदी स्वच्छ चाललं होतं. याला ओढून नेता येईल. मग हे तिन्ही ग्लास असेच उभे राहतील, याच्या नावाने, आणि तो ज्या गावाला जाईल तिथे त्याची वाट बघत राहतील. एर्मोसीयोतसुद्धा कुठे ना कुठे एखादं दार अर्धं वर असेलच.

"अमादोर," ती म्हणाली, ज्या आवाजाने ती त्याला शाळेसाठी उठवायची त्या आवाजात, "पाहुणे भर रस्त्यात उभे आहेत. गाडी येईल. तू त्यांना सांभाळायचंस की इथे मुक्काम ठोकायचाय? नीघ."

त्याचा हात खुर्चीवरून निघाला. सवय मोठी असते. "सॉरी ताई," तो पुटपुटला आणि वाकून बाहेर गेला. फळकुटं हलली.

मग कासिल्दाने लाल ग्लास उचलला आणि उभ्याउभ्याच एका दमात संपवला. मग पेला. मग काळी. पाण्यासारखं काही नव्हतं त्यात. अकरा वर्षांत तिने इतकी चांगली बिअर कधी प्यायली नव्हती. अंबाडीचा आंबटपणा, गव्हाची गोडी, कोकोचा कडसर शेवट, सगळं तिला वेगवेगळं कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. भाकरीचा एक घास तिने मोडून खाल्ला, कारण रिकाम्यापोटी पिऊ नये असं ती सगळ्यांना सांगायची.

तिने ग्लास खाली ठेवला. चिवचिव थांबली होती.

बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण दाराकडे वळताना नजर आरशावरून गेलीच. पाठमोऱ्या माणसाचा चेहरा आरशात दिसायला हवा होता, तो दिसला नाही. टेबल दिसलं. आणि तिथल्या खुर्चीत तिच्यासारखंच कुणीतरी बसलेलं होतं.

५

रेबेकाच्या मागल्या अंगणात लिंबाचं झाड होतं आणि त्याखाली लांबलचक टेबल. पाहुणे दमून हुश्श करून बसले. इव्होनबाईंनी कासिल्दाकडे दोनदा बघितलं, पण काही विचारलं नाही. डॉक्टर होत्या, कधी विचारू नये ते त्यांना माहीत असावं.

अमादोर मोंतेरेच्या पोरांना कुठलासा किस्सा सांगत होता. कान्तीनाबद्दल त्याने एवढंच सांगितलं की दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो, आत नुसती धूळ होती. खोटं बोलतोय असं त्याच्या तोंडावर अजिबात नव्हतं.

रेबेका तबक घेऊन आली. वाळल्या कोळंबीचं गरम कढण, आणि मधाच्या रंगाची बिअर. पहिला ग्लास तिने नेमका अमादोरपुढे ठेवला.

त्याने घोट घेतला. जीभ टाळ्याला लावली, डोळे मिटले आणि मग हसला. "आली गं बाई चव. रेबेका, हॉप्सची कडू फुलं बदललीस ना? थोडी जास्तच पडलीत."

"गप रे. आला मोठा एर्मोसीयोवाला."

रेबेका टेबलाभोवती ठेवत गेली. सर्वात शेवटी ती कासिल्दापाशी येऊन थबकली. तबक रिकामं होतं. "अगंबाई, असं कसं झालं? नऊ होते. थांब हं, तुझा आणते."

कासिल्दाने तिचं मनगट धरलं. "राहू दे. मी मघाशीच घेतला."

तिला भीती वाटतच होती. पण भावाच्या कपाळावर कढणाच्या वाफेने घाम आला होता, नाक लाल झालं होतं, आणि तो बाहीने नाक पुसत होता, ते बघून तिला हायसं वाटत होतं. ते भीतीपेक्षा जास्त होतं. असं दोन्ही एकदम वाटू शकतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. तिने हात पुढे करून त्याच्या कपाळाला लावला. चांगलं गरम लागलं.

"काय गं सारखी कपाळ चाचपतेस? पोहोचल्यावर फोन करीन, दर रविवारी करीन, काळजी करू नकोस."

"कर. आणि मी उचलला नाही, तर पुन्हा पुन्हा लावत बसू नकोस."

"तू? तू तर पहिल्या घंटीलाच उचलतेस."

"निवतंय ते," कासिल्दा म्हणाली आणि कढणाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "खाऊन घे."